पाणी अडवणारे आपण कोण? मंडळीच्या कमिटीला खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि सर्व पंच बंधुभगिनींनो,

सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात उपासनेनंतर सूचनांच्या वेळी बाप्तिस्म्याविषयीची, म्हणजे पाण्याने मंडळीत सामील करून घेण्याच्या विधीविषयीची, नवी नियमावली वाचून दाखवण्यात आली आणि लगेच दाराजवळच्या बोर्डावर लागलीही. मी लेखी हरकत दिली, उत्तर आलं नाही. बैठकीत थोडा वेळ बोलू द्या म्हटलं, तर ‘तो विषय संपलाय, बाई’ असं ऐकवलं गेलं. या नियमांपायी दोन माणसं आज बाप्तिस्म्यावाचून अडून बसली आहेत, म्हणजे विषय संपलेला नाही. शिवाय इचलकरंजी आणि मिरजेकडच्या काही मंडळ्या आपली नियमावली मागवून घेताहेत असं कानावर आलं. म्हणून हे उघडपणे लिहिते आहे. आपल्या मंडळीचं नाव लिहीत नाही, कुणा पंचाचं तर नाहीच. भांडण त्या कागदाशी आहे.

मला हे लिहायचा काय हक्क, असं कुणी विचारील. शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत भरणारा बाप्तिस्म्याचा वर्ग बरीच वर्षं मी घेते. माझा स्वतःचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, कपाळावर पाणी शिंपडून. माझ्या मुलाने नोकरीनिमित्त पुण्यात असताना तिथल्या एका मंडळीत पुन्हा, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला. तो मला पटला नाही आणि माझं न पटणं त्याला पटलं नाही. तरी घरात जेवणाआधीची प्रार्थना एकच होते. तेव्हा या विषयाच्या सगळ्या बाजू माझ्या स्वयंपाकघरातच नांदतात.

ज्यांनी बोर्ड वाचला नाही त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. बाप्तिस्मा मागणाऱ्याने लेखी परीक्षा द्यायची, पन्नासपैकी पस्तीस गुण हवेत. मागच्या वर्षभराची वर्गणी चुकती हवी, मूल लहान असेल तर आईबापांची. बाप्तिस्मा वर्षातून दोनच रविवारी आणि चर्चच्या इमारतीतच होणार. ‘ख्रिस्ती नाव’ घेणं सक्तीचं. वर्ग संपून वर्ष झालं तरी बाप्तिस्मा न घेणाऱ्याचं नाव प्रार्थना-भेटींच्या यादीतून कमी. आपल्या ज्या तरुणांनी दुसरीकडे बुडून बाप्तिस्मा घेतला त्यांना माफीनामा देईपर्यंत प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याल्याचा विधी, बंद. आणि तिकडून कुणी आपल्याकडे आला, तर त्याचा बाप्तिस्मा धरायचा नाही, आपण नव्याने द्यायचा.

परीक्षेपासून सुरुवात करते, कारण त्यात अडकलेली व्यक्ती माझ्या वर्गातली आहे.

मावशी प्रयाग चिखलीच्या. २०१९ च्या पुरात त्यांचं घर गेलं. निवाऱ्यात आपल्या महिला मंडळाने भाकरी-झुणका पोचवला, तेव्हापासून त्या येऊ लागल्या. चार घरची धुणीभांडी उरकून वर्गाला येतात, कधी उशिरा, पण येतात. अक्षरओळख नाही. प्रभूची प्रार्थना तोंडपाठ आहे. रक्तस्रावाने गांजलेल्या बाईची गोष्ट त्या सांगतात तेव्हा वर्गातली कॉलेजची पोरं मोबाइल खाली ठेवतात. पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडून येशूनेही बाप्तिस्मा घेतला, ती गोष्ट ऐकून एकदा त्यांनी मलाच विचारलं, “बाई, येशूनं पाप क्येलं न्हवतं, मग त्यो पाप्यांच्या रांगंत का हुबा ऱ्हायला?” बाप्तिस्मा समजावताना मी हाच प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवत असे. मावशी तिथे आपल्या आपण पोचल्या होत्या. त्यांना पेपरबद्दल सांगितलं तर म्हणाल्या, “मला लिवाय येत न्हाई. तोंडी इचारा की. मी त्येला वळखतो, आन् त्यो मला वळखतोय.” मी ही विनंती कमिटीपुढे ठेवली. उत्तर मिळालं, एकाला सूट दिली की सगळे मागतील.

मागू द्या की! पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या, दिवशी सुमारे तीन हजार लोकांनी एका दिवसात बाप्तिस्मा घेतला. त्यांतल्या कितींना लिहिता येत होतं? फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याने मध्यरात्री विचारलं, तारण व्हावं म्हणून काय करू? तिथे कैदेत असलेल्या पौल आणि सीला या सुवार्तिकांनी त्याला आणि घरच्यांना प्रभूचं वचन सांगितलं आणि रात्री त्याच घटकेस सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. नव्या करारातला हबशी अधिकारी तर शिकलेला होता, रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. सुवार्तिक फिलिप्पाने त्याला समजावलं, आणि वाटेत पाणी दिसताच त्यानेच विचारलं, आता मला कशाची अडचण आहे? फिलिप्पाने गुणपत्रिका मागितली नाही.

तयारीच नको असं मी म्हणत नाही. तसं असतं तर शनिवारच्या संध्याकाळी मी कशाला घालवल्या असत्या? जुन्या काळात तयारी आपल्यापेक्षा कडक होती. तिसऱ्या शतकातल्या रोमशी जोडल्या जाणाऱ्या एका मंडळी-नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं शिकवणीची म्हटली आहेत. पण त्या तीन वर्षांअखेर चौकशी कशाची होई? हा माणूस विधवांशी आदराने वागला का, आजाऱ्यांच्या भेटीला गेला का, सत्कर्मं केली का. आणि हे सांगायचं कोणी, तर त्याला घेऊन येणाऱ्यांनी. ही कसोटी तुम्ही लावणार असाल तर मावशींच्या बाजूने साक्ष द्यायला मी उभी राहते. आपल्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या शेवटच्या आजारात रात्रीच्या जागरणाला कोण बसत होतं, ते पंचांपैकी निदान दोघांना ठाऊक आहे.

मीही काहींना थांबवलं आहे. एक तरुण आला होता. मुलगी ख्रिस्ती, तिच्या घरच्यांनी अट घातलेली, म्हणून याला लग्नाच्या आधीच्या रविवारी बाप्तिस्मा हवा होता. मी म्हटलं, बाबा, तू येशूसाठी ये, सासऱ्यासाठी नको. तो थांबला. पश्चात्ताप, प्रभू येशूवर विश्वास, आणि हे सगळं स्वखुशीने, एवढंच मी पाहते. पवित्र शास्त्रात मला यापलीकडची अट सापडलेली नाही. तुम्हाला सापडली असेल तर अध्याय आणि वचन दाखवा.

बाप्तिस्म्याचा अर्थ काय, हे आपल्या भागातल्या माणसाला फार समजावावं लागत नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की ख्रिस्ताबरोबर आपण मरणात पुरले गेलो आणि नव्या जीवनात चालायला उठलो. मैदानी कोरड्या गावात पाण्याला मरण म्हटलेलं विचित्र वाटेल. आपण ऑगस्ट २०१९ पाहिला, पुन्हा २०२१ पाहिला. पंचगंगा पात्र सोडते तेव्हा काय होतं ते आपल्याला पाठ आहे. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्रात बाप्तिस्मा समजावताना नोहाच्या जलप्रलयाचाच दाखला दिला आहे, आणि पुढे म्हटलं आहे की हे अंगाचा मळ धुणं नव्हे, ही शुद्ध विवेकभावाने देवाशी केलेली गोष्ट आहे. ज्या बाईचं घर पाण्याने नेलं ती आपण होऊन पाण्याजवळ येते, त्यात काय आहे हे पन्नास गुणांच्या पेपरात कुठल्या प्रश्नाखाली मोजणार आहात?

दुसरा अडलेला माणूस अंथरुणावर आहे. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं, पण समजतं सगळं. बायको-मुलं मंडळीत आहेत, हे इतकी वर्षं नुसते दाराशी सोडायला येत. आता त्यांना बाप्तिस्मा हवा आहे. नियम म्हणतो, इमारतीतच. मी भीड सोडून विचारलं तेव्हा एक पंच म्हणाले, वधस्तंभावरच्या चोराला कुठे बाप्तिस्मा मिळाला होता? तो तारला गेलाच ना? बरोबर आहे. पण चोराचे हात खिळलेले होते आणि पाणी आणून देणारं कुणी नव्हतं. आपल्याकडे पाळकसाहेबांना गाडी आहे, आणि त्या घरात नळाला पाणी येतं.

पाणी किती आणि कसं लागतं, याचा खल मंडळीने फार पूर्वी केला आहे. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या ‘दिदाखे’ नावाच्या छोट्या शिकवणीत सांगितलंय की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड जमत नसेल तर गरम पाण्यात, आणि दोन्ही पुरेसं नसेल तर पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने डोक्यावर तीनदा पाणी ओता. (जयंती नाल्यातून पंचगंगेत काय काय येतं ते पाहता वाहत्या पाण्याचा आग्रह इथे फार धरता येणार नाही, ते असो.) कोल्हापूर-मिरज भागातल्या जुन्या मंडळ्यांपैकी अनेकींची मुळं प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामात आहेत. त्या परंपरेचा १६४६ चा वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार, म्हणजे विश्वासाची लेखी मांडणी, म्हणते की बुडवणं आवश्यक नाही, ओतणं किंवा शिंपडणं योग्यच आहे. तीच पुढे म्हणते की या विधीची हेळसांड करणं मोठं पाप आहे, तरी तारण त्याला असं जखडलेलं नाही की त्यावाचून कुणी तारलाच जाऊ नये. यातलं तारणाचं म्हणणं त्या आजारी माणसाला धीर द्यायला आहे. हेळसांडीचं आपल्यासाठी आहे. रोमन कॅथॉलिक मंडळी नियमांना किती पक्की आहे हे आपण जाणतो, पण मरणाची वेळ आली तर योग्य हेतूने कुणीही, अगदी ख्रिस्ती नसलेल्या माणसानेही पाणी ओतून दिलेला बाप्तिस्मा ती ग्राह्य धरते. आपण मात्र भिंती आणि छप्पर मागतो. आपली मुक्तिफौजेतली (साल्व्हेशन आर्मीतली) भावंडं पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाहीत, तरी गुड फ्रायडेला त्यांच्या शेजारी बसून आपण गातो.

वर्गणीबद्दल थोडक्यात. छप्पर गळतंय, पाळकसाहेबांचा पगार वेळेवर व्हायला हवा, हे मला कळतं आणि मी देतेही. पण शोमरोनातल्या शिमोनाने देवाचं दान पैशाने घ्यायला पाहिलं तेव्हा पेत्राने त्याची काय संभावना केली ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे. तिथे पैसा पुढे करणारा शिमोन होता. इथे तो आपण मागतो आहोत, आणि तोही एका तान्ह्या लेकराच्या बापाकडून, ज्याचं फाउंड्रीतलं काम सुटलं आहे.

नावाचा नियम तर काढूनच टाका. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ते नारायणच राहिले. लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच राहिल्या. १८५४ मध्ये इथून जवळ बेळगावात बाप्तिस्मा घेतलेले लेखक बाबा पदमनजी शेवटपर्यंत बाबा पदमनजीच होते. नव्या करारातल्या अपुल्लोसाच्या नावात तर ग्रीकांचा देव अपोलो बसलेला आहे, आणि पौलाने त्याला नाव बदलायला सांगितल्याचं कुठे वाचलं नाही.

आता भेटींच्या यादीचा मुद्दा. हा सगळ्यात कमी बोलला गेला, पण मला तो फार लागला. वर्षानुवर्षं उपासनेला येणारे, पण पाणी न घेतलेले लोक आपल्याकडे आहेत. ते का थांबतात हे आपल्याला माहीत नाही असं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही त्याबाहेर आहेत. म्हणजे पाण्यात उतरल्यावर कुणाच्या मुलीची शिष्यवृत्ती जाते, कुणाची राखीव जागा. ती किंमत योग्य आहे असं मी म्हणत नाही, आणि लपून राहा असंही शिकवत नाही. वर्गात मी स्पष्ट सांगते की बाप्तिस्मा ही उघड साक्ष आहे. पण किंमत त्यांनी मोजायची आहे, आपण नव्हे. मग निदान त्यांच्या घरी प्रार्थनेला जाणं तरी आपण का थांबवावं? टिळकांनी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ ही येशूच्या अनुयायांची संगत मांडली तेव्हा बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात बोलावलं होतं. शंभर वर्षांनंतर आपण यादीवर काट मारतो आहोत.

बाहेरच्या वातावरणाची तुमची काळजी मला समजते. धर्मांतराचा आरोप कुणावर कधी येईल सांगता येत नाही, म्हणून प्रौढ माणसाकडून ‘स्वखुशीने घेतो’ असं लिहून घ्यायला माझी हरकत नाही. मावशी अंगठा देतील. पण तो कागद कपाटातल्या फायलीसाठी आहे. देवाच्या कृपेसाठी कागद लागतो असं त्यातून कुणाला वाटता कामा नये.

शेवटचा मुद्दा बुडवण्याचा आणि पुन्हा देण्याचा. माझ्या मुलाने दुसऱ्यांदा पाणी घेतलं ते मला आजही मान्य नाही. इफिसकरांस पत्रात एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा असं आहे, आणि माझ्या कपाळावरच्या थेंबांत काही उणं होतं असं मी मानत नाही. इफिसातल्या बारा जणांना पौलाने नव्याने बाप्तिस्मा दिला हे खरं, पण त्यांना आधी फक्त योहानाचा बाप्तिस्मा मिळालेला होता. तेव्हा पुन्हा देऊ नये या तत्त्वावर मी कमिटीच्या बाजूची आहे. पण मग तिकडून येणाऱ्याला तुम्ही पुन्हा कसा देता? त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला बाप्तिस्मा, देणारा पाखंडी असला तरी, पुन्हा द्यायचा नाही हे इसवी सन ३१४ मध्ये आर्लच्या धर्मसभेत ठरलं. १९८२ च्या, पेरूतल्या लीमा इथे ठरलेल्या दस्तऐवजात कितीतरी परंपरांच्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी तेच म्हटलं. १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारताची मंडळी एकत्र आली तेव्हा लेकरांना बाप्तिस्मा देणारे आणि फक्त प्रौढांना देणारे बॅप्टिस्ट एकाच छपराखाली आले, आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. आपल्याला एवढं मोठं काही करायचंच नाही. आपल्याच पोरांना भाकर आणि प्याला नाकारायचा नाही, एवढंच. त्यांचं चुकलं असं वाटत असेल तर पाळकसाहेबांनी त्यांच्या घरी जाऊन चहा घ्यावा आणि वाद घालावा. मी माझ्या मुलाशी दर दिवाळीच्या सुटीत घालते.

कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी पवित्र आत्मा उतरला तेव्हा पेत्राबरोबर आलेले सुंता झालेले यहूदी विश्वासी थक्क झाले. परराष्ट्रीयांवर हे दान कसं, म्हणून. त्यावर पेत्राने विचारलं की यांना बाप्तिस्मा मिळू नये म्हणून पाणी कोण अडवू शकेल? आत्मा मिळालाच आहे, आता पाण्याची काय गरज, असंही तो म्हणाला नाही. त्याने बाप्तिस्मा द्यायला सांगितलं. पाणी हवंच, आणि अडवायचंही नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत. आपल्या बोर्डावर त्यांतली एकच आली आहे.

माझ्या मागण्या अशा:

लेखी परीक्षा रद्द करा. पाळकसाहेब आणि दोन पंच यांनी उमेदवाराशी तोंडी बोलावं, त्याच्या बोलीत, आणि त्याला ओळखणाऱ्यांची साक्ष ऐकावी.

वर्गणीची आणि नावाची अट काढा.

आजारी, अपंग, वृद्ध यांचा बाप्तिस्मा घरी किंवा दवाखान्यात द्या. मंडळीची साक्ष हवी म्हणून चार जण बरोबर जाऊ. वर्षातले दोनच रविवार हा नियम त्यांना लावू नका.

भेटींच्या यादीतून कमी केलेली नावं परत घाला.

त्रैक्याच्या नावाने कुठेही झालेला बाप्तिस्मा धरा, पुन्हा देऊ नका. प्रभुभोजनापासून थांबवलेल्या तरुणांवरची बंदी उठवा, माफीनाम्याशिवाय.

आणि नियमावली सर्वसाधारण सभेपुढे ठेवा. मंडळीच्या नावाने लागलेल्या नियमांवर मंडळीने मत दिलेलं नाही.

सभेची तारीख येत्या महिन्यात जाहीर करावी. तोवर मावशींची तोंडी मुलाखत आणि त्या आजारी बंधूंच्या घरची भेट, ही दोन कामं सभेसाठी थांबवू नयेत. पत्ता सेक्रेटरींकडे आहे. शनिवारचा वर्ग नेहमीच्या वेळी भरेल. पंचांपैकी कुणालाही येऊन बसायचं असेल तर मागच्या खोलीत खुर्च्या आहेत.

प्रभूच्या सेवेत,
बाप्तिस्म्याच्या वर्गाची शिक्षिका
कोल्हापूर